गोणपाटाचा झगा आणि हरणाचा डोळा

माण तालुक्यातील माळावर फेब्रुवारीपर्यंत कुसळी गवत वाळून पिवळट करडे झालेले असते. त्या गवतात दिवसा निजलेला रातवा पायाखाली येईपर्यंत उडत नाही आणि उडेपर्यंत दिसत नाही. याच माळावर खोकड किंवा चिंकारा पाहण्यासाठी गेलेल्या माणसाची अवस्था नेमकी उलट असते, कारण त्याला काही दिसण्याच्या कितीतरी आधी तो सर्वांना दिसलेला असतो. ही विषमता कमी करण्यासाठी निसर्गनिरीक्षक आणि वन्यजीव छायाचित्रकार ज्या झिपऱ्या सोडलेल्या पोशाखाचा आधार घेतात, त्याला गिली सूट म्हणतात. तो घरी तयार करण्याचे बहुतेक सामान सातारा-सांगलीच्या बाजारात जुन्या पोत्यांच्या रूपाने सहज मिळते.

‘गिली’ हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ पोऱ्या किंवा चाकर असा आहे. सांबराच्या जातीच्या हरणांमागे शिकारी पाहुण्यांना नेणारे तेथील वाटाडे या नावाने ओळखले जात. दुसऱ्या बोअर युद्धासाठी १९०० मध्ये उभारलेल्या ‘लोव्हॅट स्काउट्स’ या ब्रिटिश तुकडीत अशा माणसांची भरती झाली आणि त्यांच्याबरोबर हा पोशाखही सैन्यात गेला. आपल्याकडील फासेपारध्यांनी हाच प्रश्न अधिक मुरब्बीपणाने सोडवला होता. शिकवलेल्या गायीच्या आड राहून, ती चरत चरत पुढे जाईल त्या बेताने ते हरणांपर्यंत पोहोचत. गायीला हरणे बुजत नाहीत, एवढे त्यांना पुरेसे होते.

लपण्यासाठी कपड्याचा रंग परिसराशी जुळला की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. डोळ्यातील पडदा आणि मेंदू हे दोन्ही दृश्यातील कडा शोधण्यात विशेष तरबेज असतात: उजेड व अंधार जेथे एकमेकांना भिडतात ती रेषा ते ठळक करून घेतात आणि त्या रेषेवरून वस्तू ओळखतात. माणसाची खांद्यावर डोके ठेवलेली आकृती ही अशी रेषा आहे की, कपडे कितीही मातकट असले तरी ती लपत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये कागदाचे त्रिकोणी कृत्रिम पतंग, पोटाच्या जागी मेलेली अळी लावून, ओकच्या खोडांवर टाचले होते. ज्यांच्या पंखांवरील ठिपके कडेपर्यंत जाऊन ती कड तोडत होते, ते पतंग पक्ष्यांपासून अधिक काळ वाचले. त्याच रंगाचे ठिपके कडेच्या आत असलेले पतंग तुलनेने लवकर सापडले. गिली सूटच्या लोंबत्या दशा हेच करतात. त्यांच्यामुळे खांद्याची रेषा फाटून जाते, प्रत्येक दशेची बारीक सावली खालच्या दशेवर पडते आणि वारा आला की त्या गवताबरोबर हलतात. छापील नक्षीच्या सपाट कापडाला यांतले शेवटचे दोन गुण साधत नाहीत.

रंगाचा विचार मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यावरून करावा लागतो. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे त्यांना नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही; परंतु निळा रंग त्यांना चांगला दिसतो आणि आपल्या डोळ्यातील भिंग अडवते ती अतिनील किरणेही काही प्रमाणात त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात. पांढरेशुभ्र कपडे करणाऱ्या धुण्याच्या पावडरींतील द्रव्ये अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश फेकतात, म्हणून तयार झालेला सूट अशा पावडरीत कधीही धुऊ नये. सांगलीकरांना आणखी एक पथ्य सांगितले पाहिजे: हळदीचे पोते वापरू नये. त्याचा पिवळा रंग आणि वास तर जात नाहीतच, शिवाय हळदीतील कुर्कुमिन अतिनील प्रकाशात स्वतः हिरवट पिवळे चमकते. धान्याचे पोते बरे. पक्ष्यांना चार प्रकारच्या शंकूपेशी असल्यामुळे त्यांच्यापुढे कोणतीही रंगयोजना फार काळ टिकेल, असे मला वाटत नाही.

कृती सोपी, पण वेळखाऊ आहे. जुन्या सुती सदऱ्याच्या पाठीवर आणि बाह्यांवर मासे धरण्याच्या जाळ्याचा तुकडा शिवून घ्यावा. पोटाकडची बाजू मोकळी ठेवून कोपर व गुडघ्यांवर जाड कापडाची ठिगळे लावावीत, कारण बहुतेक वेळ पालथे पडूनच जातो. गोणपाट उसवून तागाचे वीतभर ते हातभर लांबीचे धागे वेगळे करावेत. महाबळेश्वरकडच्या हिरड्याच्या काढ्यात टॅनिन भरपूर असते; त्यात गंजलेले खिळे टाकले की लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने काळसर करडा रंग तयार होतो. काही धागे त्यात, काही चहाच्या पाण्यात बुडवावेत आणि काही तसेच ठेवावेत, मग त्यांचे लहान झुबके जाळ्याच्या घरांत आखूड-लांब असे अनियमित बांधावेत. एक तृतीयांश जागा रिकामी सोडून तेथे प्रत्यक्ष ठिकाणचे गवत किंवा उसाच्या फडाकडेचे पाचट खोचावे. हिरवा पाला खोचल्यास तो तासा-दोन तासांत कोमेजून रंग बदलतो, हे लक्षात ठेवावे.

सुका ताग चटकन पेटतो. माळावर वणव्याचे दिवस असताना या पोशाखात विडी-काडी, चूल किंवा शेकोटी यांच्याजवळ जाणे धोक्याचे आहे, आणि उन्हात आत इतका उकाडा होतो की पाणी जवळ नसल्यास उष्माघात होऊ शकतो. वाऱ्यावर जाणारा अंगाचा वासही त्याने थांबत नाही. कायद्याची बाजू स्पष्ट आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी केली असून पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हेही त्याच्या व्याख्येनुसार शिकारच ठरते, त्यामुळे टिटवीच्या अंड्यांजवळ सूट घालून दडून बसणारा छायाचित्रकार स्वतःला निरुपद्रवी समजू शकत नाही. सागरेश्वरसारख्या अभयारण्यात तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

सूट जमला की नाही हे पाहण्यासाठी तो घालून गवतात पडावे आणि सोबत्याला पन्नास पावलांवरून मोबाइलने छायाचित्र काढायला सांगावे. ते कृष्णधवल करून पाहिले की रंगाची भूल दूर होते आणि उजळ-गडद छटांतील चुका तेवढ्या उरतात. चेहरा आणि हात झाकायचे राहिले असतील तर ते लगेच उजळ दिसतात, आणि तेही झाकले असतील तर बहुधा बूट दिसतात.