चेहरा ओळखला, नाव अडलं

चार सिनेमावेडे एकत्र जमले की हा खेळ कधी ना कधी निघतोच. कुणीतरी एक जुना कृष्णधवल फोटो पुढे करतं. फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे न बघता कुठेतरी वर, उजेडाकडे बघतोय. "ओळखा पाहू!" थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग एकजण म्हणतो, "अरे, हा तो नाही का... नेहमी नायकाचा मित्र असायचा, शेवटच्या अर्ध्या तासात हमखास मरायचा!" दुसरा लगेच म्हणतो, "हो हो, तोच तो! हसताना एक भुवई वर जायची." माणूस दोघांनाही पक्का कळलाय. नाव विचारलं की दोघंही छताकडे बघायला लागतात.

जिंकण्या-हरण्यापेक्षा मला हा छताकडे बघण्याचा क्षण जास्त आवडतो. चेहरा, त्या माणसाविषयीची माहिती आणि त्याचं नाव या तीन गोष्टी आपल्या डोक्यात एकाच कप्प्यात नसतात, हे तेवढ्या वेळात उघडं पडतं.

1985 साली ब्रिटनमध्ये अँड्र्यू यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 22 जणांच्या हाती वह्या दिल्या. माणसं ओळखताना जी काही फजिती होईल, ती काही आठवडे लिहून ठेवायची. वह्या भरभरून आल्या. 'चेहरा ओळखीचा वाटला, पण कोण ते कळेना' अशा नोंदी होत्या. 'कोण ते माहीत होतं, नाव आठवेना' अशाही पुष्कळ होत्या. एक नोंद मात्र कुठेच सापडली नाही. चेहरा पाहून नाव चटकन आलं, पण हा माणूस कोण, काय करतो, कुठे पाहिला हे काही केल्या कळेना, असं एकदाही कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं. म्हणजे वाट ठरलेली आहे. आधी चेहरा, मग माणूस, सगळ्यात शेवटी नाव. मधला टप्पा गाळून पुढे जाता येत नाही. पुढच्याच वर्षी व्हिकी ब्रूस आणि यंग यांनी चेहरा ओळखण्याचा जो आराखडा मांडला, त्यात हाच क्रम आहे, आणि आजही या विषयावरची चर्चा बहुधा तिथूनच सुरू होते.

पहिला टप्पा, म्हणजे नुसता चेहरा ओळखणं, आपल्याला फार सोपं वाटतं. एका माणसाला साधारण किती चेहरे ओळखता येतात, हे 2018 साली यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं. घरातली, शाळेतली, कामावरची, पडद्यावरची सगळी माणसं धरून सरासरी निघाली सुमारे 5000. कुणाचे हजारच होते, तर कुणाचे दहा हजारांपर्यंत गेले. यातले कितीतरी चेहरे आपल्याला फक्त पडद्यावर भेटलेले असतात.

पण 'ओळखीचा चेहरा' म्हणजे नेमकं काय? यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी 20 फोटो घेतले आणि ते 40 फोटो पत्त्यांसारखे पिसून ब्रिटनमधल्या लोकांपुढे ठेवले. त्यांनी त्या दोघींना कधी पाहिलेलं नव्हतं. एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात घाला, एवढंच काम. खरं तर गठ्ठे दोनच व्हायला हवे होते. लोकांनी मात्र सात-आठ केले, कुणी तर सोळा. बरोबर दोन गठ्ठे एकालाही जमले नाहीत. मग तेच फोटो नेदरलँड्समधल्या लोकांना दिले, तर बहुतेकांनी पटापट दोन गठ्ठे करून हात झटकले.

म्हणजे एकाच माणसाचे दोन फोटो एकमेकांपासून इतके वेगळे असू शकतात, की परक्या नजरेला ती दोन वेगळी माणसं वाटावीत. उजेड कुठून आला, लेन्स कोणती होती, माणूस झोपेतून उठला होता की नटूनथटून बसला होता, यानं चेहरा केवढा तरी बदलतो. एखादा चेहरा आपल्या ओळखीचा होतो तेव्हा आपण त्याची एक तसबीर मनात टांगत नाही. तो चेहरा किती आणि कसा बदलू शकतो, याची व्याप्ती आपण शिकतो. तरुणपणी असा, दाढीत असा, रडताना असा, पिवळ्या दिव्याखाली असा. या खेळात ज्यांचा हात कुणी धरू शकत नाही, त्यांची नजर जन्मतः फार तीक्ष्ण असेलच असं नाही. त्यांनी त्या नटाचे पंचवीस सिनेमे पाहिलेले असतात, पडेल सिनेमांसकट. पडेल सिनेमे इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांत नट भलत्याच वेषात दिसतो.

वेष काढून घेतला की काय होतं, हे मूकपटांच्या काळातल्या विनोदवीरांवरून बघता येतं. चार्ली चॅप्लिनची मिशी खोटी होती. ती नसलेला, केस नीट विंचरलेला तरुण चॅप्लिन फोटोत दाखवा, भले भले चुकतात. हॅरोल्ड लॉइडचा गोल चष्मा म्हणजे नुसती चौकट, तिला काचाच नव्हत्या. तो काढला की पडद्यावरचा सगळ्यांच्या ओळखीचा माणूस रस्त्यात कुणाला ओळखू येत नसे. चष्म्याची ही करामत पुढे प्रयोगांतही दिसली. अनोळखी चेहऱ्यांच्या दोन फोटोंपैकी एकात चष्मा असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर दोन्ही माणसं एकच की वेगळी, हे ठरवताना चुका वाढतात.

भुवयांचं तर आपण कधी कौतुकच करत नाही. 2003 साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या पवन सिन्हा यांच्या गटानं प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतून कधी डोळे पुसून टाकले, कधी भुवया. डोळे नसलेले चेहरे लोकांना त्या मानानं बरे ओळखता आले. भुवया गेल्यावर मात्र पंचाईत जास्त झाली. जुन्या नट्यांच्या भुवया उपटून, पेन्सिलीनं नव्यानं कोरलेल्या असत. फॅशन बदलली की कमानही बदलायची. एकाच नटीचे दहा वर्षांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो बहिणी-बहिणींचे का वाटतात, याचं थोडं उत्तर तिथं आहे.

उरलेलं उत्तर रसायनशास्त्रात आहे. सुरुवातीच्या काळातल्या सिनेमाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. निळा रंग मात्र ती नको इतका टिपायची. त्यामुळे लाल ओठ काळेठिक्कर यायचे, निळे डोळे पांढुरके, भुताटकीसारखे दिसायचे, आणि गालांवरची लाली डागासारखी उमटायची. ते झाकायला नट-नट्यांच्या तोंडाला रंगाचे जाड थर थापावे लागत. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळे रंग टिपणारी फिल्म सर्रास वापरात आली, आणि तेच चेहरे एकदम वेगळ्या छटांत दिसू लागले. त्यात स्टुडिओतले फोटो म्हणजे आणखी निराळं प्रकरण. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या, डाग, वांग घालवणारे कसबी कारागीर असत. जॉर्ज हरेल यानं 1931च्या सुमारास काढलेला हॉलिवूडची नटी जोन क्रॉफर्ड हिचा एक फोटो हात फिरवण्याआधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. आधीच्या फोटोत चेहराभर तिळासारखे ठिपके आहेत, नंतरच्यात संगमरवर. असा संगमरवरी फोटो पुढे करून 'ओळखा' म्हणणं म्हणजे थोडी लबाडीच.

आणि फोटो हलत नाही, ही मोठीच अडचण. नट आपल्याला भेटतो तो चालता-बोलता. मान वळवण्याची ढब, ओठ आधी एका कोपऱ्यातून उघडणं, बोलण्याआधी घेतलेला श्वास, हे सगळं फोटोत गोठून जातं. 1990च्या दशकात संशोधकांनी प्रसिद्ध चेहरे निगेटिव्हसारखे उलट्या छटांत किंवा धूसर करून दाखवले. स्थिर चित्र पाहून जे चेहरे ओळखता येत नव्हते, त्यांतले बरेच ते हलू लागल्यावर ओळखता आले.

आता ओठांवर अडलेल्या नावाकडे येतो.

नाव अडण्याचं एक कारण असं की नावाला अर्थाचा आधार नसतो. 1987 साली काही संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. गंमत अशी, की तोच शब्द एकदा आडनाव म्हणून वापरला, एकदा धंदा म्हणून. इंग्रजीत तो शब्द होता 'बेकर'. आपण 'सुतार' घेऊ. समोरचा माणूस सुतारकाम करतो, हे लोकांच्या लक्षात राहिलं. त्याचं आडनाव सुतार आहे, हे निसटलं. धंदा म्हटलं की रंधा, लाकडाचा भुसा, ठोकाठोकीचा आवाज असं बरंच काही मनात जागं होतं. आडनावाला असं काही चिकटलेलं नसतं. नटाच्या बाबतीतही तसंच. 'शेवटी मरणारा मित्र' ही गोष्ट आहे, म्हणून ती टिकते. नाव म्हणजे दोन-चार अक्षरांचा आवाज, आणि वय वाढेल तशी आवाजाकडे नेणारी ही वाट अधिकाधिक पुसट होत जाते. म्हणून नाव अडण्याचे प्रसंग उतारवयात वाढतात, तेही सगळ्यात जास्त माणसांच्या नावांबाबत.

याच आवाजाच्या धाग्यावर डेबोरा बर्क यांनी 2004 साली एक खट्याळ प्रयोग केला. लोकांना आधी एक शब्द बोलायला लावला, इंग्रजीत चेरीच्या बीला म्हणतात तो, 'पिट'. थोड्या वेळानं ब्रॅड पिटचा फोटो दाखवला. इतर नटांसाठीही असेच शब्द योजले होते. ज्येष्ठ मंडळींना नावं जास्त वेळा आठवली आणि ओठांवर अडण्याचे प्रसंग कमी झाले. चेरीचा आणि नटाचा काडीचाही संबंध नसताना, नुसत्या आवाजानं वाट मोकळी करून दिली.

खेळात मात्र बहुतेकदा उलटं घडतं. कुणीतरी आत्मविश्वासानं चुकीचं नाव घेतं, आणि ते सगळ्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसतं. ते चूक आहे हे माहीत असूनही हलत नाही, आणि खऱ्या नावाला आत येऊ देत नाही. अशा वेळी जिद्दीला पेटून अर्धा तास आठवत बसू नये. कॅनडात एमी बेथ वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी ओठांवर अडलेल्या शब्दासाठी काहींना 10 सेकंद झटू दिलं, काहींना 30, आणि मग उत्तर सांगून टाकलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा जास्त वेळ झटलेल्यांना तोच शब्द पुन्हा अडण्याची शक्यता जास्त निघाली. अडखळण्याचाही सराव होतो म्हणायचा! तेव्हा उत्तर सरळ विचारून घ्यावं. हरल्याची खंत चहाच्या कपाबरोबर निघून जाते.

नाव एकदा सापडलं की गप्पा फोटोवरून थिएटरकडे वळतात. कुठल्या वयातल्या आठवणी निघतील, हे बरंचसं ठरलेलं असतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मागचं आयुष्य आठवायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा एक उंचवटा दिसतो. 2007 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना आवडती पुस्तकं, सिनेमे आणि गाण्यांच्या तबकड्या विचारल्या. तिन्हींत हा उंचवटा होता, सगळ्यात ठळक गाण्यांत. गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं जातं, त्यामुळे आठवणीला दरवेळी खतपाणी मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

या आठवणी खऱ्या किती, हा प्रश्न जरा जपूनच विचारावा. 1992 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान रहिवासी इमारतींवर कोसळलं. विमान आदळतानाचं चित्रीकरण कुणीच केलेलं नव्हतं. दहा महिन्यांनी हान्स क्रोम्बाख आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, टीव्हीवर तो क्षण पाहिलात का? निम्म्याहून जास्त लोक 'हो' म्हणाले. वर्णनं ऐकून मनानं स्वतःच फिल्म तयार केली होती. तेव्हा 'तो प्रसंग मी पडद्यावर पाहिलाय, नंतर कापला त्यांनी' असं कुणी छातीठोक सांगू लागलं, की मी मान डोलावतो आणि वाद घालत नाही.

बाकी अंधाऱ्या सभागृहात आपण एकटे नसतो, हे हवेतही मोजता येतं. जर्मनीतल्या माइन्झ शहरात जोनाथन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या हवेची तपासणी केली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत उत्कंठेच्या प्रसंगांना हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन नावाचा वायू वाढलेला दिसला. तोच सिनेमा पुन्हा दाखवला, तर त्याच प्रसंगांना पुन्हा तशीच उसळी. श्वास रोखणं, सोडणं, खुर्चीत आखडून बसणं, हे शेकडो माणसं एकाच वेळी करत होती.

एक गोष्ट राहिली. या खेळात नेहमी गप्प बसणारं कुणीतरी असतं. चेहरे ओळखण्याची क्षमता माणसागणिक फार वेगवेगळी असते. एका टोकाला असामान्य ओळखणारे आहेत. 2009 साली हार्वर्डच्या संशोधकांनी त्यांची परीक्षा घ्यायला जी चाचणी वापरली, तिच्यात प्रसिद्ध लोकांचे नाव होण्याआधीचे, बरेचसे बालपणीचे फोटो होते. म्हणजे आपलाच खेळ, जरा कठीण करून. दुसऱ्या टोकाला चेहराअंधत्व आहे. शंभरात साधारण दोघांना ते जन्मतःच असावं, असा अंदाज आहे. अशा माणसाची नजर उत्तम असते, नाक-डोळे स्पष्ट दिसतात, पण त्यांचा 'अमुक माणूस' होत नाही. नायिकेनं मध्यंतरानंतर केस कापले की त्यांना सिनेमात नवीन पात्र आल्यासारखं वाटतं. ब्रॅड पिटनं मुलाखतींत सांगितलंय, की आपल्याला चेहरे लक्षात राहत नाहीत आणि लोकांना तो शिष्टपणा वाटतो. आपल्यालाही हाच त्रास असावा, असा त्याचा स्वतःचा कयास आहे.

तेव्हा कोपऱ्यात गप्प बसलेल्या गड्यापुढे फोटो पुन्हा पुन्हा नाचवू नये. त्या नटाचा एखादा संवाद लावावा, फक्त आवाज. अशी बरीच माणसं आवाजावरून माणूस ओळखायला शिकलेली असतात, आणि या फेरीत बाकीचे छताकडे बघत बसण्याची शक्यता बरीच आहे.