पावकीपासून छेदापर्यंत

चौथी-पाचवीच्या वर्गात अपूर्णांक आला की कोल्हापुरातली आजी हमखास म्हणते, "आमच्या वेळी पावकी, म्हणजे पावचा पाढा, पाठ होती; अपूर्णांक कधी अडला नाही." आजीचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच.

पंतोजींच्या शाळेत साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक ज्या गावात आहे, तिथे साडेतीनाचं अप्रूप नाही. लिहिण्याची रीतही सुटसुटीत होती. पाव म्हणजे एक दंड, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. म्हणून सव्वा १।, दीड १॥, पावणेदोन १॥।. अंश-छेदाची भानगडच नाही.

ही सगळी तयारी बाजारासाठी होती. शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गूळ मणावर तोलला जायचा. मणाचे चाळीस शेर, खाली अच्छेर, पावशेर, नवटाक: प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. रुपयाचे सोळा आणे. मणाला १४ रुपये भाव आणि साडेतीन मण गूळ असला, की औटकी पाठ असलेला मुलगा कागद न घेता ४९ सांगायचा. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. शाळेत येऊ लागलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना हा हिशेब घरचाच होता.

पण या पाढ्यांत तिसरा किंवा पाचवा हिस्सा नव्हता. तिसऱ्याची सोय नाण्यात होती. आण्याच्या बारा पै असल्यामुळे रुपयाचे तीन समान वाटे पडत, ५ आणे ४ पै. पाचव्या हिश्शाला मात्र तिथेही ओढाताणच.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. पावकीची गरज काही वर्षांतच संपली. ज्या हिशेबासाठी ती पाठ करायची तोच उरला नाही, मग पाठ तरी कोण करणार? पुढे १९६७ला बालभारती स्थापन झाली. आज पुस्तकात अर्धा, पाव, पाऊण रंगवलेल्या आकृत्यांतून येतात, मग अंश, छेद, सममूल्य अपूर्णांक.

पाव किलो चिवडा मागणाऱ्या पोराला पाव कळतो. अडतं ते पुढे. मुलं म्हणतात, १/८ हा १/४पेक्षा मोठा, कारण आठ मोठा. किंवा १/२ आणि १/३ची बेरीज २/५. पहिली चूक नवटाक-पावशेर हाताळलेल्या मुलानं सहसा केली नसती. दुसरीवर मात्र पावकीकडेही उत्तर नव्हतं, कारण तिथे छेद कधी बोललाच जात नव्हता. सातबाऱ्यावर तीन भावांचे वाटे मांडायचे तर तोच छेद लागतो.