जामीन मंजूर झाला, पण जामीनदार नाही: अर्ज, कागदपत्रे आणि मुदती

शिरपूरच्या जिनिंगमध्ये कामाला आलेल्या सेंधव्याकडच्या एखाद्या मजुराला न्यायालयाने जामीन मंजूर केला, तरी तो त्याच दिवशी बाहेर येईलच असे नाही. आदेशात बहुधा ‘15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ अशी अट असते. जातमुचलका ही आरोपीची स्वतःची लेखी हमी असल्याने तो सहीनिशी लगेच होतो; माणूस अडकतो तो जामीनदारापाशी.

जामीनदार नातेवाईकच असावा असा कायद्याचा आग्रह नाही. तेवढ्या रकमेची ऐपत आणि पडताळता येण्याजोगा पत्ता असलेली सज्ञान व्यक्ती जामीन राहू शकते. शेतकऱ्याने अलीकडचा सात-बारा, आठ-अ, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि फोटो न्यावेत. नोकरदाराला ओळखपत्र व पगारपत्रक लागते, तर गावात केवळ घर असणाऱ्याने ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणि घरपट्टीची पावती सोबत ठेवावी. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागतात, म्हणून वकिलांना आधी विचारून घेतलेले बरे. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा; पुढची सर्व कलमे याच कायद्यातील) कलम 486 प्रमाणे जामीनदाराला आपण या आरोपीसह एकूण किती जणांना जामीन राहिलो आहोत, हे तपशिलासह न्यायालयापुढे जाहीर करावे लागते.

खरी गफलत सात-बाऱ्यात होते. जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारस नोंद राहिलेली, किंवा सामाईक खात्यात सहा-सात नावे आणि ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, असा उतारा घेऊन माणूस मजुरी बुडवून कोर्टात येतो आणि रिकाम्या हाताने परततो. आपल्या हिश्शाची किंमत जामिनाच्या रकमेला पुरते का, हे निघण्यापूर्वीच पाहावे. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे धंदेवाईक जामीनदार मात्र टाळावेत; त्यांचा उतारा बनावट निघाला तर सुटलेल्या माणसाचा जामीन धोक्यात येतो आणि नवा गुन्हा मागे लागतो तो वेगळाच.

जामीनदार परजिल्ह्यातला किंवा परराज्यातला असेल तर? मध्य प्रदेश आणि गुजरातला लागून असलेल्या खान्देशात हा प्रश्न वारंवार येतो. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा आदेश चुकीचा ठरवून गवंड्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या हमीवर सोडण्यास सांगितले. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांतही सुचवले आहे. ‘स्थानिकच हवा’ असे तोंडी उत्तर मिळाल्यास या दोन्हींचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा.

त्याच निर्देशांत मुदती आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत न्यायालयाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पाठवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि सचिवांनी बंद्याची आर्थिक स्थिती तपासून अट शिथिल करण्यासाठी ती न्यायालयापुढे ठेवावी. महिनाभरात जामीनपत्र (जामिनाची लेखी हमी) दिले गेले नाही, तर अट बदलायची किंवा शिथिल करायची का, याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते. घरच्यांनी मात्र महिनाभर वाट पाहू नये.

अर्जात तीन मागण्या करता येतात. पहिली, जामिनाची रक्कम कमी करावी. ती अवास्तव नसावी असे कलम 484 सांगते आणि ती घटवण्याचा अधिकार सत्र व उच्च न्यायालयाला आहे. दुसरी, कलम 490 खाली जामीनदाराऐवजी रोख रक्कम स्वीकारावी. तिसरी, तात्पुरत्या रोख जामिनावर सोडून जामीनदार देण्यासाठी काही आठवड्यांची मुदत द्यावी. व्यवहारात सर्वांत लवकर उपयोगी पडते ती हीच. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे ज्यात जामीन हा आरोपीचा हक्कच असतो असा, असेल तर कलम 478 अधिक उदार आहे: अटकेपासून आठवड्याभरात जामीन देता आला नाही, तर आरोपी निर्धन समजला जातो आणि त्याला जामीनदाराविना, स्वतःच्या हमीवर सोडायचे असते.

हे अर्ज लिहून देण्यासाठी वकिलाची फी परवडत नसेल, तर जळगाव, धुळे व नंदुरबार येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जावे. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि 15100 या क्रमांकावरही विचारणा करता येते. केवळ पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राने 2023 मध्ये गरीब कैद्यांच्या साहाय्याची योजना आणली असून तिचे प्रस्ताव जिल्हास्तरीय समितीपुढे जातात. जामीन औरंगाबाद खंडपीठाने दिला असला, तरी जामीनपत्र बहुधा मूळ खटला चालणाऱ्या न्यायालयातच द्यायचे असते; त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला खेप घालावी लागत नाही.

जामीन राहणाऱ्यानेही नीट समजून सही करावी. आरोपी तारखेला गैरहजर राहिला तर कलम 491 खाली रक्कम जप्त होऊ शकते. त्याच्यावरचा भरवसा उडाला, तर कलम 489 प्रमाणे जामीनदारी सोडण्याचा अर्ज करता येतो. रोख रक्कम भरली असल्यास नाझरांकडील (न्यायालयात पैसे स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याकडील) पावती कोणाच्या नावाने फाडली जाते, हे खिडकीवरच पाहावे, कारण खटला संपल्यावर पैसे त्याच नावाने परत मागावे लागतात.