पारपटल-प्रत्यारोपणानंतरची गुंतागुंत

पारपटल म्हणजे कॉर्निया, बुबुळावरचा पारदर्शक पडदा. जखम, जंतुसंसर्ग, भाजणे किंवा आनुवंशिक दोष यांमुळे तो पांढरा पडला, सुजला किंवा वेडावाकडा झाला, की मृत दात्याच्या पारपटलाचे कलम त्या जागी करतात. या शस्त्रक्रियेत नेत्रदानातून आलेला अख्खा डोळा बसवत नाहीत. बसते ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची आणि साधारण आठ मिलिमीटर व्यासाची चकती. शस्त्रक्रिया तास-दीड तासात आटोपते. या चकतीला पुढे जे काही होऊ शकते, त्याचा काळ मात्र रुग्णाच्या आयुष्याएवढा लांब असतो.

पूर्ण जाडीचे पहिले यशस्वी मानवी प्रत्यारोपण एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे केले. रुग्ण आलोइस ग्लोगार या मजुराचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. दोन्हींवर कलम केले. एका डोळ्यातले काढून टाकावे लागले, दुसरे स्वच्छ राहिले. यश आणि गुंतागुंत यांची नोंद अशी एकाच माणसाच्या नावावर झाली. चुना आजही डोळ्याचा वैरी आहे. कोल्हापूर भागात गुऱ्हाळावर काहिलीतला रस निवळायला चुना वापरतात, आणि तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी पोराच्या मुठीत दाबली गेली की चुना थेट डोळ्यात उडतो. असा भाजलेला डोळा कलमासाठी सर्वांत अवघड. बुबुळाच्या कडेच्या, पृष्ठभागाची त्वचा नव्याने बनवणाऱ्या मूळपेशी जळालेल्या असतात, नवी त्वचा धरत नाही आणि रक्तवाहिन्या आत शिरतात.

रक्तवाहिन्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. निरोगी पारपटलात त्या नसतात, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशींना परके ऊतक सहज सापडत नाही. त्यामुळेच मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात असते तशी रक्तगट जुळवण्याची सक्ती येथे नसते आणि बहुतेकांना जन्मभर पोटातून औषधे घ्यावी लागत नाहीत. वाहिन्या आत घुसल्या की ही सवलत संपते.

कलम नाकारले जाणे, म्हणजे रिजेक्शन, ही सर्वांत परिचित गुंतागुंत. ती सहसा पहिले दोन आठवडे उलटल्यावर, बहुतेकदा पहिल्या वर्ष-दीड वर्षात आणि कधीकधी दहा वर्षांनीही होते. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, नजर धुरकट होते, थोडे दुखते. डॉक्टरांना स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली कलमाच्या आतल्या बाजूस पांढऱ्या पेशींची एक रेघ दिसते. तिला खोदादूस्त रेषा म्हणतात. रेघ पुढे सरकते तसतशा तिच्या मागच्या, आतल्या थराच्या पेशी मेलेल्या असतात आणि तेवढा भाग सुजून ढगाळ होतो. हा आतला थरच पारपटलातले पाणी उपसून त्याला पारदर्शक ठेवतो. प्रौढ माणसात तेथे दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,५०० ते ३,००० पेशी असतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. ही संख्या ५००च्या खाली गेली की सूज हटत नाही. म्हणून एकेक दिवस मोलाचा. वेळेत आलेल्या रुग्णाला स्टेरॉइडचे, म्हणजे शरीराचा प्रतिकार दाबणाऱ्या औषधाचे, थेंब तासातासाला घातले, तर पुष्कळ कलमे वाचतात.

वेळेत येणे मात्र घडत नाही, आणि त्याचे कारण बहुधा निष्काळजीपणा नसते. लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ हा घराघरातला अर्थ. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती. अशा दिवसांत मेडिकलमधून कसलीशी बाटली आणणे, मध किंवा एरंडेल घालून बघणे हे सहज होते. चंदगड-आजऱ्याकडून कोल्हापूरला यायचे तर दिवस मोडतो. पंचगंगेला २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर रस्ताच बंद होतो. कलमाच्या रुग्णाने जूनमध्येच थेंबांची जादा बाटली घरात ठेवावी, हा सल्ला कोल्हापुरात तरी शस्त्रक्रियेइतकाच कामाचा आहे.

ऊसतोडीच्या हंगामात वेगळा धोका असतो. उसाच्या पात्याची कड करवती असते. ती डोळ्याला ओरखडली की फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी शिरतात. अनेकांना मुळात कलम करावे लागते ते याच बुरशीच्या जखमेमुळे, आणि ती नव्या चकतीत परत उगवू शकते. येथे उपचार कात्रीत सापडतो: कलम टिकायला स्टेरॉइड हवे आणि स्टेरॉइडने बुरशी फोफावते. अशा रुग्णात सुरुवातीला स्टेरॉइड टाळून बुरशीनाशकावर भर देतात.

थेंब मनाने बंद करणे घातक, तसे तपासणीविना वर्षानुवर्षे घालत राहणेही. स्टेरॉइडने मोतीबिंदू होतो आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर कलम कितीही स्वच्छ असले तरी परत येत नाही. शिवाय कलम केलेल्या डोळ्यात दाब मोजणे नेहमीइतके बिनचूक नसते.

टाके केसाहून बारीक नायलॉनचे असतात. ते महिनोन् महिने राहतात, बरेचदा वर्षभराहून अधिक. कलमाची संवेदना कमी असल्याने सैल झालेला टाका खुपेलच असे नाही. त्याभोवती चिकटा साठतो, जंतू धरतात आणि वाहिन्या त्याच्या रोखाने वाढतात. सैल टाका दिसला की काढतात. टाक्यांच्या ताणाने पृष्ठभाग असमान होऊन तिरका चष्म्याचा नंबर येतो. चार-पाच डायॉप्टरचा नंबर नवलाचा नाही, आणि काहींना कडक कॉन्टॅक्ट लेन्सशिवाय नीट दिसत नाही.

रक्तपुरवठा नसल्यामुळे जखम भरते, पण मूळची ताकद येत नाही. पूर्ण जाडीच्या कलमाची कड दहा-वीस वर्षांनंतरही बोथट माराने उकलते. बैलाचे शिंग, लहान मुलाची कोपरखळी, क्रिकेटचा चेंडू, काहीही पुरते. तालमीत जाणाऱ्या पोराला हे सांगणे जड जाते, पण लाल मातीतली कुस्ती अशा डोळ्याने खेळू नये. डोळा उकलला तर चोळू नये, धुऊ नये, वर कडक कवच लावून लगेच रुग्णालय गाठावे.

हे बरेचसे धोके नव्या पद्धतींनी कमी केले आहेत. आता फक्त बिघडलेला थर बदलता येतो. पुढचा थर बदलला तर आतला रुग्णाचा स्वतःचाच राहतो, त्यामुळे त्या थराचे रिजेक्शन होत नाही. आतला पातळ थर बदलला तर टाके जवळपास लागत नाहीत. मात्र तो हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात, रुग्णाला काही काळ उताणे पडून राहावे लागते, आणि थर सुटला तर पुन्हा हवा भरावी लागते.

काही कलमे पहिल्या दिवसापासून ढगाळच राहतात. काही कसलेही भांडण न होता पेशी झिजून वर्षांनी निकामी होतात. दोन्ही वेळा दुसरे कलम करता येते, पण प्रत्येक खेपेस रिजेक्शनची शक्यता वाढते. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात त्याआधी मूळपेशी बसवाव्या लागतात. त्याची एक सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉक्टरांनी २०१२ साली मांडली: दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन त्याचे कण भाजलेल्या बुबुळावर पेरायचे. दोन्ही डोळे भाजलेल्याला हा मार्ग नसतो. त्याला दुसऱ्याच्या मूळपेशी किंवा कृत्रिम पारपटल यांवर विसंबावे लागते.