दम कोंडत नाही, रक्त अडतं

ब्राझिलियन जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या खेळात मागून गळा आवळला की दम कोंडून माणूस बेशुद्ध पडतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्याला जोडून वर फुशारकीही असते: ‘मी मिनिटभर श्वास रोखतो, मला काय होणार?’

होतं. ब्राझीलमध्ये या डावाला ‘माता लेआँव’ म्हणतात, म्हणजे सिंहाला मारणारा. मूळ ज्युदोतला, तिथलं नाव ‘हादाका-जिमे’. कोपराचा खळगा बरोबर हनुवटीखाली येतो, दंड मानेच्या एका बाजूला, मनगटाकडचा हात दुसऱ्या बाजूला. श्वासनलिका खळग्यात जवळपास मोकळी राहते. दाबल्या जातात त्या दोन्हीकडच्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या. डाव नीट बसला तर साधारण 10 सेकंदांतच शुद्ध हरपते. छातीत कितीही हवा भरलेली असो, उपयोग शून्य.

हाताचं हाड थेट घाटीवर आलं तर मात्र खोकला येतो, घसा दुखतो, इजाही होऊ शकते. नवशिके हेच करतात आणि समोरचा तळमळला की डाव जमला असं समजतात. खरा बसलेला डाव बऱ्याचदा फारसा दुखतही नाही, म्हणूनच हार मानल्याची खूण म्हणून हाताने थोपटायला उशीर होतो.