आधी यादी, मग मतपेटी? विमान कंपन्यांच्या विलीनीकरणातला प्रतिनिधित्वाचा प्रश्न

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आदल्या दिवसापर्यंत 'यूके' या अक्षरांनी उडणारी विमानं सकाळपासून 'एआय' म्हणून उडू लागली. प्रवाशांसाठी विलीनीकरण जवळपास तिथेच संपलं. अंधेरी, सांताक्रूझ, पवई भागात राहणाऱ्या वैमानिकांच्या घरांत मात्र खरा प्रश्न तेव्हा कुठे सुरू झाला होता. एका बाजूला एअर इंडियाचे जुने वैमानिक होते. त्यांच्यापाठी इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, म्हणजे आयपीजी आणि आयसीपीए, या दोन संघटनांचा अनेक दशकांचा इतिहास होता. दुसऱ्या बाजूला विस्ताराचे वैमानिक होते. त्यांची कंपनी जानेवारी २०१५ मध्ये उडू लागली आणि शेवटपर्यंत तिथे वैमानिकांची संघटना उभी राहिली नाही. आता दोघं एकाच कॉकपिटमध्ये शेजारी बसणार होते. त्यांच्या वतीने बोलायचं कोणी, आणि हा 'कोणी' निवडायचा कसा?

हा प्रश्न केवळ मानापानाचा वाटेल, पण त्याच्या मुळाशी सेवाज्येष्ठतेची यादी आहे. फर्स्ट ऑफिसरला कमांड कधी मिळणार, म्हणजे तो कॅप्टन कधी होणार, हे ती यादी ठरवते. लहान विमानावरून मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानावर कधी जायचं, बेस मुंबई मिळणार की दुसरीकडे, दिवाळीची रजा कोणाला, मंदीत आधी घरी कोण, हेही बऱ्याच अंशी तीच सांगते. बँकेतला अधिकारी बदली झाली तरी आपली ज्येष्ठता बरोबर नेतो. वैमानिक कंपनी बदलतो तेव्हा सहसा यादीच्या तळाशी जातो. म्हणून दोन याद्या एकत्र करताना कोणाचं नाव दोनशे क्रमांकांनी खाली गेलं, तर त्याची झळ त्याला निवृत्तीपर्यंत बसते. नेमणुकीची तारीख धरायची, की कमांड मिळाल्याची, की दोन्ही याद्यांमधलं प्रमाण, यातली प्रत्येक पद्धत कोणाला तरी वर नेते आणि कोणाला तरी खाली ढकलते. समजा, वेगाने वाढलेल्या नव्या कंपनीत एकाला पाच वर्षांत कमांड मिळाली आणि जुन्या कंपनीत त्याच्या आधी लागलेला दुसरा अजून उजव्या सीटवरच, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच आहे. यांच्यात ज्येष्ठ कोण? प्रामाणिक माणसंही इथे दोन वेगळी उत्तरं देतील. अशा वेळी आपली बाजू मांडायला आपण निवडलेला माणूस टेबलावर असणं ही अगदी मूलभूत गरज ठरते.

मुंबईला हा धडा २००७ पासून मिळतो आहे. (१९५३ च्या राष्ट्रीयीकरणातही आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली होती, पण तो काळ आणि तो कायदा वेगळा होता.) २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एका कंपनीत आल्या. दोन्हीकडे संघटना होत्या: परदेशी मार्गांवर उडणाऱ्यांची आयपीजी आणि देशांतर्गत मार्गांवरच्यांची आयसीपीए. तरीही सगळ्या वैमानिकांनी मिळून मतदानाने निवडलेली अशी एकही समिती उभी राहिली नाही. कंपन्या कागदावर एक झाल्या, पण पगाराचे सूत्र, भत्ते आणि बढतीच्या वाटा वेगळ्याच राहिल्या. एप्रिल २०११ मध्ये समान वेतनासाठी आयसीपीएच्या वैमानिकांनी संप केला. तो दहा दिवस चालला आणि व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. त्यानंतर दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचं वेतन आणि बढती जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली आणि तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. मे २०१२ मध्ये पाळी आयपीजीची आली. नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण आधी कोणाला, यावरून सुरू झालेलं आंदोलन ५८ दिवस चाललं, शंभराहून अधिक वैमानिकांना बडतर्फ करण्यात आलं आणि त्याही संघटनेची मान्यता गेली.

या दोन संपांकडे पाहताना पुष्कळांनी 'लठ्ठ पगारवाल्यांची मुजोरी' असा शिक्का मारला. मला तो अन्याय वाटतो. पहिल्या संपात एक गट दुसऱ्याइतकं वेतन मागत होता, दुसऱ्या संपात दुसरा गट आपली वाट राखत होता. दोघांची भांडणं वरवर व्यवस्थापनाशी होती, पण खरी गाठ त्यांच्या आपसातल्या हिश्शाची होती. ती सोडवण्यासाठी दोघांचे निवडलेले प्रतिनिधी एका खोलीत बसवण्याची पद्धतच नव्हती. पाच वर्षं ती खोली उघडली नाही, म्हणून भांडण विमानतळावर आलं.

आपल्या कायद्यात ही खोली का नाही, हे समजायला गिरणगावात जावं लागतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना मानली. तिच्यासाठी गुप्त मतदान नव्हतं, सभासदसंख्येची नोंद होती. २५ टक्के सभासद दाखवणारी संघटना सगळ्यांच्या वतीने करार करू शकत होती. गिरण्यांमध्ये हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगार आणि बोनसबरोबर हा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. कामगार एका माणसाच्या मागे उभे होते आणि कायदा दुसऱ्याच संघटनेशी बोलत होता. लालबाग-परळच्या चाळींत आजही कोणी जुनं माणूस भेटलं, तर 'मतदान घ्या म्हणत होतो आम्ही' हे वाक्य कानावर येतं.

१९७१ चा महाराष्ट्राचा कामगार संघटना मान्यता कायदा गिरण्यांबाहेरच्या उद्योगांसाठी आला. त्यात ३० टक्के सभासदत्वाची अट आहे, पण तिथेही पडताळणी सभासदांच्या यादीची होते, मतपेटीची नाही. शिवाय हा कायदा वैमानिकांना उपयोगाचा नव्हता. हवाई वाहतुकीसाठी औद्योगिक विवाद कायद्याखाली 'समुचित सरकार', म्हणजे तंट्यात लक्ष घालण्याचा अधिकार असलेलं सरकार, केंद्राचं होतं. म्हणून विमान कंपनीतला तंटा वांद्र्याच्या कामगार भवनात न जाता शीवच्या श्रम रक्षा भवनात, केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचा. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली संघटनेची नोंदणी होत असे, पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. मालकाने बोललंच पाहिजे असं त्या कायद्याने कुठेच म्हटलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात गुप्त मतदानाने प्रातिनिधिक संघटना ठरवण्याची तपशीलवार पद्धत घालून दिली होती. तरी खासगी विमान कंपन्यांत तिचा वापर मागणी करूनही सहज व्हावा, अशी वाट कधी पडली नाही.

खासगी कंपनीत संघटना उभी करणं काय असतं, हे २००९ मध्ये मुंबईने पाहिलं. जेट एअरवेजच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड स्थापन केलं. लवकरच दोन वैमानिकांना कामावरून काढण्यात आलं. सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. उड्डाणं रद्द झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सुमारे पाच दिवसांनी तडजोड झाली. संघटना टिकली, पण ती टिकवण्याची किंमत सगळ्यांनी पाहिली होती. नंतरच्या काळात आलेल्या कंपन्यांतले तरुण वैमानिक 'आपल्याकडे ते नको' असं म्हणत असतील, तर त्यामागे ही आठवणही आहे.

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळं वळण मिळालं. तिथला रेल्वे लेबर ॲक्ट १९२६ चा आहे. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. कोणत्या गटाचा प्रतिनिधी कोण, हे नॅशनल मीडिएशन बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवतं. दोन कंपन्या एकत्र आल्या की बोर्ड आधी पाहतं, की त्या कामकाजात खरोखर एक झाल्या आहेत का. रोस्टर, गणवेश, वेळापत्रक, व्यवस्थापन एक झालं, तर सगळे वैमानिक मिळून एकच मतदारगट धरला जातो. मग एका बाजूला संघटना आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर संघटनेचं प्रतिनिधित्वाचं प्रमाणपत्र आपोआप सगळ्यांवर पसरत नाही. संघटित गट फारच मोठा असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर मतदान घ्यावं लागतं. २०१० पर्यंत मत न देणाऱ्याला 'नको' म्हणून मोजत. त्या वर्षापासून प्रत्यक्ष पडलेल्या मतांचं बहुमत पाहतात.

याचं चटका लावणारं उदाहरण डेल्टा आणि नॉर्थवेस्टचं आहे. २००८ मध्ये त्या एकत्र आल्या. दोन्हीकडचे वैमानिक एअर लाइन पायलट्स असोसिएशनचेच सभासद होते. त्यांनी विलीनीकरण पूर्ण होईपर्यंत सामाईक करार तयार ठेवला आणि यादीचा वाद लवादाकडे नेऊन वर्षअखेरीस मिटवला. केबिन क्रूचं मात्र उलट होतं. नॉर्थवेस्टचे कर्मचारी संघटित होते, डेल्टाचे नव्हते. २०१० मध्ये मतदान झालं. १८,७६० मतं पडली आणि संघटना ३२८ मतांनी हरली. नॉर्थवेस्टमध्ये जन्मभर संघटनेत राहिलेल्या माणसांची संघटनाही गेली आणि तिचा करारही गेला. निकाल लोकशाही पद्धतीने लागला हे खरं, पण त्या रात्री त्यांना काय वाटलं असेल ते समजू शकतं.

मतदान झालं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या, दोन्हीकडचे वैमानिक एकाच संघटनेत होते. २००७ मध्ये लवादाने यादी दिली. पूर्वेकडच्या, म्हणजे मूळ यूएस एअरवेजच्या, बऱ्याच वैमानिकांना ती मान्य नव्हती, कारण वर्षानुवर्षांची नोकरी असलेले त्यांचे काही सहकारी नव्या भरतीच्याही खाली गेले. पूर्वेकडचे संख्येने जास्त होते. २००८ मध्ये त्यांनी मतदानानेच जुनी संघटना बाजूला सारून नवी निवडली आणि लवादाची यादी लागू होऊ दिली नाही. २०१३ मध्ये ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्सशी जोडली जाईपर्यंत दोन गट दोन याद्यांवरच उडत राहिले. बहुमताने निवडलेला प्रतिनिधी अल्पमतातल्या गटाचा प्रतिनिधी होतोच असं नाही, हे तिथे स्पष्ट दिसलं. २००७ च्या अखेरीस अमेरिकेने ज्येष्ठता न्याय्य रीतीने जोडण्याची सक्ती करणारा कायदा केला. त्याचं संरक्षण संघटना नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही मिळतं, ही त्यातली मोलाची गोष्ट.

पुन्हा मुंबईकडे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परतली. एप्रिल २०२३ मध्ये वैमानिकांना नवा सेवाकरार देण्यात आला. आयपीजी आणि आयसीपीएने त्याला विरोध केला. आपल्याशी चर्चा न करता करार एकेका वैमानिकाच्या हाती दिला गेला आणि वरिष्ठ कमांडरांना व्यवस्थापनाच्या श्रेणीत टाकून त्यांचं 'कामगार' असणंच संपवलं जातं आहे, हे त्यांचे आक्षेप होते. दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांकडे दाद मागितली. हा श्रेणीचा मुद्दा बारीक वाटला तरी फार खोल आहे. कामगार नसलेल्या माणसाला कामगार कायद्याखालचा प्रतिनिधी मागता येत नाही. म्हणजे मतदारयादीच आखडते.

विस्तारात २०२४ च्या सुरुवातीला तोच करार आला. निश्चित वेतन आधी ७० तासांच्या उड्डाणावर मोजलं जायचं, ते ४० तासांवर आलं. तिथे बोलायला संघटना नव्हती. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला अनेक वैमानिक आजारी पडले, उड्डाणं रद्द झाली, मग व्यवस्थापनाने थेट वैमानिकांशी सभा घेऊन बोलणी केली. महिनाभराने एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूचंही तसंच झालं. संघटित एक्सप्रेस आणि पूर्वीची एअरएशिया इंडिया यांचं विलीनीकरण तेव्हा चालू होतं. सुमारे पंचवीस जणांची बडतर्फी मागे घेण्याचा तोडगा दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर निघाला. दोन्ही ठिकाणी प्रतिनिधी नव्हते किंवा त्यांना कोणी मोजत नव्हतं, म्हणून आजारपणाची रजा हीच भाषा उरली. वैमानिक नाराज असेल तर राजीनामा देऊन लगेच जाऊही शकत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस द्यावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिने देशपातळीवर पहिल्यांदाच मालकाला वाटाघाटीसाठी कोणाशी बोलावं लागेल ते आकड्यांत सांगितलं. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरेल. तशी कोणीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद होईल आणि दर २० टक्क्यांमागे एक जागा मिळेल. विलीन झालेल्या विमान कंपनीवर हे लावून पाहिलं की यूएस एअरवेजची आठवण येते. मोठ्या गटाकडे ५१ टक्के असतील तर लहान गटाला जागाच नाही. कोणाकडेही ५१ टक्के नसतील आणि विस्ताराहून आलेल्यांची अजून संघटनाच नसेल, तर परिषदेत त्यांच्या नावाची खुर्ची मांडता येणार नाही. माझ्या मते विलीनीकरणाच्या काळात, यादी अंतिम होईपर्यंत तरी, दोन्ही मूळ गटांनी आपापले प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडावेत आणि त्यांच्या जागा संख्येवर अवलंबून नसाव्यात. पर्यवेक्षी पदावर महिना १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे आणि व्यवस्थापकीय पदावरचे या संहितेतही 'कामगार' नाहीत. त्यामुळे कोणता कॅप्टन मतदार आणि कोणता नाही, हा वाद मतपेटी ठेवण्याच्या आधीच शीवच्या कार्यालयात मिटवावा लागेल.