बारा कोंबड्या आणि शंभर डोसांची बाटली

आमच्या वाडीत मानमोडी शिरली की पहाट आधी गप्प होते. कोंबडी हिरवट हगते, घशात घरघरते, मान पिळवटते, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. अशा वेळी शेजारच्या काकी बाजारातून पिवळी पावडर आणतात आणि पाण्यात ढवळून ठेवतात. "कायतरी देऊक व्हया मां?"

ती पावडर टेट्रासायक्लिन गटातली, म्हणजे जिवाणूंवरचं औषध, प्रतिजैविक. हे औषध जिवाणूच्या पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतं. पण मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूचा रोग. विषाणूकडे असा स्वतःचा कारखानाच नसतो, मग औषध बंद काय पाडणार? औषध चुकतं ते रोगावर. कोंबडीच्या आतड्यातल्या जिवाणूंवर मात नेमकं लागतं. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. जे मरत नाहीत त्यांना रान मोकळं मिळतं. ई. कोलाय जिवाणूला सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट खुराड्यातच संपली असती. पण जिवाणू औषधाला दाद न देण्याची ही ताकद फक्त पोराबाळांना देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. हापूसची काडी दुसऱ्या झाडावर बांधली की कोय रुजायची वाट न पाहता गुण तिकडे जातो, तसंच हे. ही 'काडी' म्हणजे प्लाझ्मिड, डीएनएचं एक छोटंसं कडं. जिवाणू त्याची नक्कल दुसऱ्याला देतो आणि मूळ स्वतःकडे ठेवतो. घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. कोंबडीतल्या गरीब जिवाणूकडून ते माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूकडे जाऊ शकतं.

कोलिस्टिनचं असंच झालं. हे जुनं औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांसाठी जवळजवळ अडगळीत पडलं होतं. जनावरांच्या खाद्यात मात्र वजन वाढावं म्हणून मिसळलं जायचं. पुढे दवाखान्यांत इतर औषधं हरू लागली आणि डॉक्टरांना तेच शेवटचा उपाय म्हणून बाहेर काढावं लागलं. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून बातमी आली की डुकरांतल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारं एमसीआर-१ हे जनुक सापडलं आहे, तेही प्लाझ्मिडवर. कोंबडीच्या मांसात आणि काही रुग्णांतही ते होतं. भारताने जुलै २०१९मध्ये जनावरं, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

कोकणात या जिवाणूंना प्रवासाला पाऊसच पुरे. पावसाळ्यात शेडमधली तुसाची गादी ओली होते, अमोनियाने डोळे झोंबतात, रक्ती हगवण लागते. तीही जिवाणूंची नव्हे, कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय परजीवीची. तिचं औषध वेगळं. खरा पहिला इलाज म्हणजे गादी उलथून कोरडी ठेवणं, पण पावडरीपेक्षा ते कष्टाचं. पुढे तीच गादी न कुजवता कलमांच्या आळ्यात पडली तर औषधाचा न पचलेला अंश आणि तगलेले जिवाणू पावसाबरोबर व्हाळात, व्हाळातून खाडीत.

कोंबडी-वड्यांची काळजी नको. खळखळून उकळलेल्या रश्श्यात जिवाणू टिकत नाहीत. ज्या विळीवर कोंबडी कापली तिच्यावरच, न धुता, काकडी चिरली तर मात्र गोष्ट वेगळी. आणि कासदाह झालेल्या गाईला औषध दिल्यावर तिचं दूध नीट विरजलं नाही, तर विरजणाला बोल लावू नका. दुधात उतरलेलं औषध दह्याचे जिवाणूही मारतं. ठरलेले दिवस ते दूध टाकून द्यायचं असतं. जिवावर येतं, खरं आहे.

मग काकींनी करायचं काय? राणीखेतची लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा नावाच्या या लसीचा एक थेंब. अडचण विज्ञानाची नाही, बाटलीची आहे. लहानातली लहान बाटलीही साधारण शंभर डोसांची, फोडली की दोनेक तासांत संपवायची, तोवर गार ठेवायची. बारा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? पावडर मात्र हवी तेवढी सुटी मिळते.

यंदा आमच्या वाडीतल्या नऊ घरांनी मिळून एक बाटली आणली. वीज गेलेली, म्हणून बर्फ मासळीवालीकडून घेतला. तिन्हीसांजेला कोंबडी खुराड्यात शिरली की हाती लागते, तेव्हा बॅटरीच्या उजेडात घरोघर फिरलो. काकींच्या तलंगेने माझ्या मनगटाला चोच मारली, तिचा थेंब दोनदा घालावा लागला.